रानपिंगळा

रानपिंगळा हा घुबडांच्या कुळातील, आकाराने लहान व भारतात प्रदेशनिष्ठ असलेला पक्षी आहे. त्याचे शास्त्रीय नाव अथेनी ब्लेविटी असे असून अनेक ग्रंथांत ते हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी असे आढळते. मध्य व पश्चिम भारतातील शुष्क पानझडी वनांचे काही तुकडे सोडल्यास हा पक्षी जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. इ.स. १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षे त्याची एकही विश्वासार्ह नोंद झाली नव्हती आणि तो नामशेष झाला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानू लागले होते. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी खानदेशात, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी तो पुन्हा दिसला. मधल्या शतकातील त्याच्या अनुपस्थितीची कथा पक्षिशास्त्राच्या इतिहासातील एका मोठ्या लबाडीशी जोडलेली आहे. त्यामुळे या छोट्या पक्ष्याचे नाव केवळ पक्षिनिरीक्षकांपुरते मर्यादित राहिलेले नाही.

नाव

मराठीत या पक्ष्याला रानपिंगळा किंवा वनपिंगळा म्हणतात. ही दोन्ही नावे अलीकडची असून ती इंग्रजी नावावरून रूढ झालेली आहेत. ‘पिंगळा’ हा शब्द मात्र जुना आहे. गावाजवळच्या वडा-पिंपळाच्या ढोलीत राहणारे, तिन्हीसांजेला तारेवर येऊन बसणारे ठिपकेदार छोटे घुबड म्हणजे पिंगळा. त्याच्या बोलीवरून भविष्य सांगणाऱ्या, पहाटे कुडमुडे वाजवीत दारी येणाऱ्या जोश्यालाही पिंगळाच म्हणत. भारुडांतही हा पिंगळा भेटतो. रानपिंगळा हा या परिचित पक्ष्याचा जवळचा नातेवाईक असला, तरी तो स्वतंत्र जातीचा आहे.

नावांच्या बाबतीत वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. भारतीय जंगलांत ग्लॉसिडियम रेडिएटम नावाचे आणखी एक लहान घुबड सर्वत्र आढळते व काही मराठी पुस्तकांत त्यालाही ‘रानपिंगळा’ असेच म्हटलेले असते. प्रस्तुत लेखात त्या जातीला ‘जंगली पिंगळा’ म्हटले आहे. एकाच नावाने दोन पक्षी ओळखले गेल्यामुळे जुन्या मराठी नोंदी वाचताना नेमका कोणता पक्षी अभिप्रेत आहे, हे वर्णनावरूनच ठरवावे लागते.

शास्त्रीय नावातील ‘ब्लेविटी’ हा शब्द फ्रान्सिस रॉबर्ट ब्लेविट या अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ आहे. या पक्ष्याचा पहिला नमुना त्याने मिळविला होता.

वर्णन

रानपिंगळ्याची लांबी सुमारे २३ सेंटीमीटर असते. म्हणजे तो साळुंकीएवढा, पण अंगाने बराच भरलेला. डोके मोठे, मान आखूड, चोच व नखे शरीराच्या मानाने दणकट. डोळे पिवळे. माथा व पाठ गडद करड्या-तपकिरी रंगाची असून त्यांवर ठिपके जवळजवळ नसतात. असलेच तर अतिशय पुसट असतात. छातीवर गडद तपकिरी रंगाचा रुंद पट्टा असतो व तो मध्यभागी किंचित तुटल्यासारखा दिसतो. त्याखाली पोट पांढरेशुभ्र असते. पंखांवर व शेपटीवर ठळक पांढरे पट्टे असतात. पाय बोटांपर्यंत दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात, जणू काही पक्ष्याने लोकरी पायमोजे घातले आहेत. नर व मादी दिसायला सारखेच असतात.

साधा पिंगळा याहून थोडा लहान. त्याच्या माथ्यावर व पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी असते आणि पोटावरही तपकिरी ठिपक्यांच्या ओळी असतात. जंगली पिंगळ्याच्या डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडव्या रेघा असतात. पुस्तकात शेजारी शेजारी छापलेल्या चित्रांत हे भेद सहज कळतात. प्रत्यक्षात उन्हाने भुरकटलेला, पिसे झिजलेला एखादा साधा पिंगळा पाहिला, की अनुभवी निरीक्षकही फसतो. पूर्वी ‘रानपिंगळा’ म्हणून प्रसिद्ध झालेली छायाचित्रे पुढे साध्या पिंगळ्याची असल्याचे उघड झाले, ते यामुळेच. म्हणून ओळख पटविताना केवळ ‘ठिपके कमी आहेत’ एवढ्यावर थांबू नये. माथा, छातीवरचा गडद पट्टा, निर्मळ पांढरे पोट आणि शेपटीवरचे रुंद पट्टे या चारही गोष्टी एकत्र दिसल्या पाहिजेत.

शोध

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव मराठी वाचकाला भारतीय राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे ठाऊक असते. पक्षिशास्त्रज्ञ त्यांना भारतीय पक्षिशास्त्राच्या पायाभरणीसाठी ओळखतात. देशभर पसरलेल्या अधिकाऱ्यांचे जाळे उभारून त्यांनी पक्ष्यांचे नमुने व नोंदी गोळा केल्या आणि ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक चालविले. डिसेंबर १८७२ मध्ये ब्लेविटने बसना-फुलझर परिसरात एक अनोळखी घुबड मिळविले. हा प्रदेश आज छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात येतो. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन नवी जाती म्हणून प्रसिद्ध केले. एवढेच नव्हे, तर तो इतर पिंगळ्यांपेक्षा वेगळा वाटल्याने त्याच्यासाठी हेटेरोग्लॉक्स ही स्वतंत्र प्रजातीही निर्माण केली.

दुसरा नमुना व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये आजच्या ओडिशातील खरियार भागात मिळविला. यानंतरचे नमुने मात्र पार दुसऱ्या टोकाला, खानदेशात मिळाले. मुलकी सेवेत असलेला जेम्स डेव्हिडसन १८८०च्या सुमारास पश्चिम खानदेशात होता. कामाच्या निमित्ताने तळोदा-शहादा भागात फिरताना तो पक्षी जमवीत असे व त्या प्रदेशातील पक्ष्यांची यादीही त्याने ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये प्रसिद्ध केली. रानपिंगळ्याचे अनेक नमुने त्याच्याकडून आले. अखेरचा अस्सल नमुना १८८४ चा आहे. जगभरातील संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे अवघे सात अस्सल नमुने होते आणि पुढची शंभरहून अधिक वर्षे शास्त्राजवळ या पक्ष्याविषयी त्यापलीकडे काहीही नव्हते. त्याचा आवाज कसा, तो खातो काय, घरटे कोठे करतो, यांपैकी कशाचाही पत्ता नव्हता.

मायनर्ट्झहागेन प्रकरण

विसाव्या शतकातील पक्षिग्रंथांत रानपिंगळ्याची आणखी एक नोंद दिली जात असे. ती होती ९ ऑक्टोबर १९१४ ची, गुजरातेतील तापीकाठच्या मांडवी येथील. नमुना गोळा करणारा म्हणून कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन (१८७८–१९६७) याचे नाव होते. हा ब्रिटिश सैन्यातील अधिकारी, हेर व नामवंत पक्षिसंग्राहक. त्याच्या शब्दाला मोठे वजन होते. आपला सुमारे वीस हजार नमुन्यांचा संग्रह त्याने १९५४ मध्ये ब्रिटिश संग्रहालयाला दिला. शेवटची नोंद मांडवीची असल्याने पुढे ज्यांनी या पक्ष्याचा शोध घेतला त्यांनी साहजिकच त्या बाजूला लक्ष दिले. सालिम अली आणि अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ सिडनी डिलन रिप्ली यांनी १९७०च्या दशकात शोध घेऊन पाहिला. हाती काही लागले नाही.

रिप्ली यांनी दक्षिण आशियातील पक्ष्यांचे एक सविस्तर मार्गदर्शक पुस्तक योजले होते. त्या कामाची जबाबदारी पुढे पामेला रासमुसेन या संशोधिकेवर आली. त्यासाठी संग्रहालयांतील नमुने तपासताना मायनर्ट्झहागेनच्या नमुन्यांत विसंगती असल्याचे त्यांच्या लक्षात येऊ लागले. संशयाला आधी एक पार्श्वभूमी होती. नमुने परस्पर नेल्याच्या संशयावरून ब्रिटिश संग्रहालयाने मायनर्ट्झहागेनला १९१९ मध्ये पक्षिदालनात येण्यास काही काळ बंदी केली होती. १९९३ मध्ये अ‍ॅलन नॉक्स यांनी त्याच्या संग्रहातील काही नमुने चोरीचे असल्याचे दाखवून दिले होते.

रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीच्या रानपिंगळ्याची बारकाईने तपासणी केली. त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात आले. पक्ष्याचे कातडे उकलून, आतील भरण बदलून ते नव्याने शिवलेले होते. परंतु पहिल्या बांधणीच्या खुणा पूर्णपणे पुसल्या गेल्या नव्हत्या. पक्ष्याचे कातडे काढून, भरून, टाके घालण्याची प्रत्येक संग्राहकाची एक ठेवण असते, जशी हस्ताक्षराची असते. क्ष-किरण छायाचित्रांत व प्रत्यक्ष तपासणीत जी ठेवण दिसली ती डेव्हिडसनची होती. म्हणजे १८८०च्या दशकात खानदेशात मिळालेला नमुना संग्रहालयातून चोरून, त्याचे रूप पालटून, त्यावर १९१४ ची खोटी चिठ्ठी लावून तो परत त्याच संस्थेला दान करण्यात आला होता.

चिठ्ठी लबाडीची निघाली, याचा परिणाम केवळ एका नोंदीपुरता नव्हता. नमुन्यावरची तारीख व स्थळ हेच शास्त्राच्या दृष्टीने त्याचे सर्वस्व असते. खोट्या स्थळामुळे शोध घेणाऱ्यांचे लक्ष चुकीकडे गेले आणि खोट्या तारखेमुळे पक्ष्याचे अस्तित्व तीस वर्षांनी पुढे ढकलले गेले. डेव्हिडसनच्या खऱ्याखुऱ्या नोंदी मात्र ग्रंथालयांत धूळ खात पडल्या. पुढे एकविसाव्या शतकात गुजरातेतील पूर्णा अभयारण्यात रानपिंगळा खरोखरीच आढळला. पण तेवढ्याने मांडवीची नोंद खरी ठरत नाही. चोराने सांगितलेले ठिकाण योगायोगाने जवळपास निघाले, एवढाच त्याचा अर्थ.

पुनर्शोध

नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तीन अमेरिकन पक्षिअभ्यासक भारतात आले. मांडवीची नोंद त्यांनी बाजूला ठेवली आणि जुन्या, अस्सल नमुन्यांच्या स्थळांकडेच जायचे ठरविले. प्रथम ते पूर्वेकडे, छत्तीसगड-ओडिशाच्या बाजूला गेले. तेथे जुनी वने बरीच नाहीशी झालेली होती व अनेक दिवस फिरूनही पक्षी दिसला नाही. मग त्यांनी खानदेश गाठला.

२५ नोव्हेंबरला सकाळी शहाद्याजवळच्या टेकड्यांत किंग यांना एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसलेले छोटे घुबड दिसले. माथा ठिपक्यांविना, पाय पांढरे, छातीवर गडद पट्टा. रासमुसेन यांनी उपलब्ध नमुने आधीच हाताळून बारीकसारीक लक्षणे टिपलेली असल्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. पक्ष्याचे चलच्चित्रण करण्यात आले आणि पुढील वर्षी ‘फोर्कटेल’ या नियतकालिकात पुनर्शोधाचा लेख प्रसिद्ध झाला. शहादा त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. म्हणून जुन्या वृत्तांतांत ‘धुळे’ व नव्या वृत्तांतांत ‘नंदुरबार’ असा उल्लेख असला, तरी स्थळ एकच आहे.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हा पक्षी रात्री लपूनछपून वावरणारा नाही. तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो. सातपुड्यात राहणाऱ्या भिल्ल, पावरा आणि मेळघाटातील कोरकू लोकांच्या दृष्टीस तो त्या ११३ वर्षांत पडत नसेल, हे संभवत नाही. ‘हरवला’ होता तो ग्रंथांतून. हिंडणाऱ्या गुराख्याला कोणी नीट वर्णन करून विचारले असते, तर कदाचित उत्तर पुष्कळ आधी मिळाले असते.

आढळ व अधिवास

पुनर्शोधानंतर मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी पद्धतशीर पाहणी केली. जून १९९८ ते जून १९९९ या काळात जुन्या आढळक्षेत्रातील १४ वनक्षेत्रे पाहण्यात आली. महाराष्ट्राचा उत्तर भाग आणि मध्य प्रदेशाचा नैर्ऋत्य भाग मिळून केवळ चार ठिकाणी २५ पक्षी आढळले. पुढील वर्षांत तळोदा व तोरणमाळ येथील वने, मेळघाट व्याघ्र प्रकल्प, जळगाव जिल्ह्यातील यावल, मध्य प्रदेशातील खंडवा भागातील वने येथून नोंदी मिळत गेल्या. मेळघाट हे आज त्याचे सर्वांत महत्त्वाचे आश्रयस्थान मानले जाते. २०१४ मध्ये मुंबईपासून सुमारे ९० किलोमीटरवरील तानसा अभयारण्यात तो आढळला, तेव्हा अभ्यासकांनाही आश्चर्य वाटले. सातपुड्यापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या पश्चिम बाजूस तो असेल असे कोणी धरले नव्हते.

त्याला लागते ते शुष्क पानझडी, सागप्रधान, पण फार दाट नसलेले वन. साग, साळई, मोई, रोहण, ऐन, धावडा अशी झाडे, अधूनमधून गवताचे मोकळे तुकडे आणि जुनी, पोकळ खोडे. घनदाट सदाहरित जंगल त्याला मानवत नाही व उघडे माळरानही नाही. मोकळी जमीन भक्ष्य टिपण्यासाठी हवी, तर म्हातारी झाडे घरट्यासाठी. वनखात्याच्या जुन्या पद्धतीत पोकळ व वाळलेले झाड निरुपयोगी समजून आधी तोडले जाई. रानपिंगळ्याच्या दृष्टीने मात्र तेच झाड सर्वांत मोलाचे.

सवयी व आहार

बहुतेक घुबडांपेक्षा रानपिंगळा वेगळा ठरतो तो त्याच्या दिवसपाळीमुळे. हिवाळ्यात सकाळी तो उंच, पर्णहीन शेंड्यावर ऊन खात बसतो. नंतर खालच्या फांद्यांवर येऊन जमिनीवरील हालचालीकडे लक्ष ठेवतो व भक्ष्य दिसताच झेप घेतो. उत्तेजित झाल्यावर शेपटी डावीउजवीकडे झपाट्याने झटकण्याची त्याला सवय आहे आणि दुरून ओळखण्यास तिचा उपयोग होतो. दिवसा उघड्यावर बसल्यामुळे छोटे पक्षी त्याच्याभोवती गलका करून त्याला पिटाळतात. पक्ष्यांचा असा गलका ऐकू आला, तर निरीक्षकाने तिकडे अवश्य पाहावे.

मेळघाटातील अभ्यासात त्याच्या भक्ष्यात सुमारे ६० टक्के वाटा सरड्यांचा व सरड्यांसारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा आढळला. सुमारे १५ टक्के उंदीरवर्गीय प्राणी आणि २ टक्के पक्षी होते. उरलेल्या भागात नाकतोड्यांसारखे कीटक, इतर अपृष्ठवंशीय व बेडूक होते. दणकट चोच आणि नखांचे प्रयोजन यावरून ध्यानात येते. आपल्या आकाराच्या मानाने मोठे भक्ष्यही तो उचलतो.

त्याचा आवाज साध्या पिंगळ्याच्या कर्कश किचकिचाटासारखा नसतो. गाणे म्हणावे असा त्याचा स्वर आखूड, गोलसर व मृदू असतो. ‘ओ-ओवाव’ असे दोन स्वर इतक्या जलद येतात, की ते एकच वाटतात. याखेरीज संपर्काचा ‘क्वाक’सारखा आवाज आणि चढता-उतरता, फुत्कारासारखा ‘श्रीऽऽ’ असा आवाजही तो काढतो.

प्रजनन

प्रजननाचा काळ ऑक्टोबर ते मे असा लांबलेला असून प्रियाराधनाला जानेवारी-फेब्रुवारीत विशेष जोर असतो. घरटे झाडाच्या नैसर्गिक ढोलीत, जमिनीपासून साधारण पाच ते आठ मीटर उंचीवर असते. रोहण, मोई यांसारख्या झाडांतील पोकळ्या वापरल्याचे आढळले आहे. मादी बहुधा दोन अंडी घालते. ती अंडी उबवीत असताना व पिल्ले लहान असताना शिकार नर करतो. तो भक्ष्य मादीला देतो आणि मादी ते पिल्लांना भरविते. सुमारे ३० ते ३२ दिवसांत पिल्ले घरट्याबाहेर पडतात. नराने स्वतःचीच पिल्ले खाल्ल्याची उदाहरणेही अभ्यासकांनी नोंदविली आहेत. ही गोष्ट ऐकायला क्रूर वाटते, परंतु पक्षिजगतात ती केवळ याच जातीपुरती नाही. पहिले घरटे वाया गेले, तर जोडी दुसरी ढोली शोधून पुन्हा प्रयत्न करते. त्यासाठी आसपास दुसरी ढोली शिल्लक असावी लागते.

वर्गीकरणाचा वाद

ह्यूम यांनी हेटेरोग्लॉक्स ही स्वतंत्र प्रजाती मांडली. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी रानपिंगळ्याला साध्या पिंगळ्यासोबत अथेनी प्रजातीत घातले, तर पुनर्शोधानंतर काहींनी हाडांची ठेवण, आवाज व वागणूक यांच्या आधारे पुन्हा स्वतंत्र प्रजातीचा आग्रह धरला. सात नमुन्यांच्या बळावर हा वाद सुटणे शक्य नव्हते. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांच्या गटाने जनुकीय पुरावा प्रसिद्ध केला. त्यानुसार रानपिंगळा अथेनी प्रजातीच्या शाखेतच बसतो. जुनी पुस्तके व कायद्यांच्या याद्या यांत मात्र हेटेरोग्लॉक्स हे नाव अजून आढळते, म्हणून विद्यार्थ्यांनी दोन्ही नावे ध्यानात ठेवावीत.

धोके व संरक्षण

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत रानपिंगळा दीर्घकाळ ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात होता. २०१८ मध्ये तो ‘संकटग्रस्त’ या एक पायरी खालच्या वर्गात आणण्यात आला. प्रौढ पक्ष्यांची संख्या २५० ते ९९९ यांच्या दरम्यान असावी, असा अंदाज त्या वेळी देण्यात आला. वर्ग बदलला याचा अर्थ पक्षी वाढले असा करू नये. नवी ठिकाणे सापडली, म्हणून पूर्वीचा अंदाज सुधारावा लागला. सापडलेल्या ठिकाणांतील वने तेवढ्याने सुरक्षित झालेली नाहीत.

सर्वांत मोठा धोका अधिवास तुटण्याचा आहे. शेतीसाठी वनजमीन मोकळी होणे, लाकूडतोड, उन्हाळी वणवे, आणि पाटबंधाऱ्यांसारखे प्रकल्प यांमुळे सलग वनाचे तुकडे पडतात. तापीच्या वरच्या खोऱ्यातील सिंचन प्रकल्पामुळे या पक्ष्याचा काही अधिवास बुडण्याचा धोका अभ्यासकांनी मांडला आहे. डोंगराळ भागातील आदिवासी कुटुंबांचा जमिनीचा प्रश्न खरा आहे व २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला मान्यताही दिली आहे. त्यामुळे ‘माणूस विरुद्ध घुबड’ अशी मांडणी करणे अन्यायाचे होईल. ज्या ठिकाणी गावकऱ्यांना विश्वासात घेऊन जुनी झाडे राखली जातात, तेथे दोघांचेही निभावते. शेताकडेच्या वनात फवारली जाणारी कीटकनाशके व उंदीर मारण्याची विषे हा दुसरा धोका. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो.

तिसरा धोका समजुतींचा. घुबड दिसणे अशुभ, ते दगड उचलून आपले नाव घेते, त्याच्या अवयवांत मंत्रतंत्राचे सामर्थ्य असते, अशा समजुती महाराष्ट्रात शहरांतही टिकून आहेत. जादूटोण्यासाठी घुबडांची शिकार होते व शिकाऱ्याला साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांतला फरक ठाऊक नसतो. ज्या पक्ष्याला लक्ष्मीचे वाहन म्हणायचे त्यालाच दिवाळीच्या तोंडावर मारायचे, हा विरोधाभास शाळेतील मुलांना दाखवून दिला, तर त्यांना तो मोठ्यांपेक्षा लवकर पटतो.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये रानपिंगळा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार, बाळगणे वा व्यापार हा गंभीर गुन्हा ठरतो. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टातही त्याचा समावेश आहे.

पक्षिनिरीक्षकांसाठी

रानपिंगळा पाहण्यासाठी देशविदेशांतून निरीक्षक मेळघाट, तोरणमाळ व तानसा येथे येतात. सागाची पाने झडून झाडे मोकळी झालेली असतात असा हिवाळ्याच्या अखेरीचा काळ आणि सकाळचे पहिले काही तास सर्वांत सोयीचे. दुर्बिणीने आधी शेंडे तपासावेत. नेमका हाच काळ प्रजननाचाही असल्याने येथे संयमाची फार गरज आहे.

पाहणी करणारे संशोधक ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याचा प्रतिसाद मिळवितात. हौशी निरीक्षकांनी हे करू नये. परक्या पक्ष्याची साद ऐकून नर आपले क्षेत्र राखण्यासाठी धावून येतो. तेवढा वेळ मादी उपाशी राहते व ढोली राखणीविना उघडी पडते. एका गटाने एकदा साद वाजविली तर फारसे बिघडत नाही, हा युक्तिवाद फसवा आहे, कारण त्याच ठिकाणी आठवड्याला दहा गट येत असतात. ढोलीसमोर छायाचित्रासाठी ठाण मांडणे, मध्ये येणाऱ्या फांद्या तोडणे, घरट्याचे अचूक ठिकाण समाजमाध्यमांवर जाहीर करणे हेही टाळावे. अभयारण्यात प्रवेशासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी व शक्यतो स्थानिक वाटाड्याला सोबत घ्यावे. त्यात त्याच्या रोजगाराचा प्रश्न आहेच, शिवाय कोणत्या झाडापासून दूर राहावे, हे त्यालाच ठाऊक असते.

नवीन ठिकाणी रानपिंगळा दिसल्याचे वाटल्यास दिनांक, वेळ, स्थळ, झाडाचा प्रकार व पक्ष्याची हालचाल लगेच लिहून ठेवावी. शक्य असल्यास दुरून छायाचित्र व आवाजाचे मुद्रण घ्यावे आणि अनुभवी अभ्यासकाकडून ओळख तपासून घेऊनच नोंद प्रसिद्ध करावी. पक्षी न दिसल्याची नोंदही उपयोगी असते. छत्तीसगड व ओडिशा येथे, म्हणजे ब्लेविट व बॉल यांनी पहिले दोन नमुने मिळविले त्या मूळ प्रदेशात, १९९८-९९ च्या पाहणीत एकही रानपिंगळा आढळला नव्हता.